शिरढोणचा बंडवाला : वासुदेव बळवंत फडके

मी रोज एस. टी.ने कॉलेजला येते. पनवेल-पेण रस्त्यावर पळस्पे फाटा, शिरढोण आणि कर्नाळा ही नावे कंडक्टरच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली आहेत, की त्यांना काही अर्थ आहे हे मी जवळजवळ विसरूनच गेले होते. कर्नाळ्याचा सुळका मात्र लहानपणापासून मनात बसलेला. तो लांबून उभ्या अंगठ्यासारखा दिसतो. माझी आजी त्याला अंगठाच म्हणते. आजी शाळेत गेलेली नाही. आजवर तिने जेथे जेथे सही करायची तेथे तेथे अंगठाच उठवला आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे घरी कोणताही कागद आला, की तो आधी माझ्यापुढे येतो, आणि मी वाचून सांगेपर्यंत सगळे गप्प बसून राहतात.

आमच्या पणजोबांनी एका वर्षी बी-भातासाठी गावातल्या एका सावकाराकडून थोडे कर्ज काढले. कागदावर काय लिहिले होते ते त्यांना वाचता येत नव्हते. अंगठा उठवला, आणि काही वर्षांत खाडीलगतचे खारे शेत गेले. ही गोष्ट आमच्या घरात इतकीच सांगितली जाते. तिच्यात कोणी आरडाओरड केल्याचे, कोणी दगड उचलल्याचे येत नाही. परंतु ही गोष्ट ऐकताना माझ्या मनात नेहमी एक प्रश्न येई : कायदा जेव्हा कागद लिहिणाऱ्याच्याच बाजूने उभा राहतो, तेव्हा अंगठा उठवणाऱ्याने काय करावे? याच प्रश्नाचे एक उत्तर आमच्या एस. टी.च्या रस्त्यावरच्या एका गावात जन्मले होते. त्या उत्तराचे नाव वासुदेव बळवंत फडके.

वासुदेव बळवंतांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी शिरढोण येथे झाला. वडील बळवंतराव, आई सरस्वतीबाई. आजोबा अनंतराव हे कर्नाळा किल्ल्याचे शेवटचे किल्लेदार. १८१८ साली पेशवाई बुडाली, त्याच सुमारास कर्नाळाही इंग्रजांच्या हाती गेला. म्हणजे ज्या सुळक्याकडे पाहत वासुदेव वाढला, तो त्याच्या घरच्यांच्या हातून गेलेला किल्ला होता. आजोबांच्या मांडीवर बसून ऐकलेल्या गोष्टी मुलाच्या मनात किती खोल जातात हे आपणा खेड्यातल्या मुलांना निराळे सांगायला नको.

कल्याण, मुंबई आणि पुणे येथे त्यांचे शिक्षण झाले. इंग्रजी येऊ लागले तसे घरची परिस्थिती पाहून त्यांनी नोकरी धरली. रेल्वेत आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात थोडे दिवस काम करून ते लष्कराच्या कमिसरिएट खात्यात हिशेबनीस कारकून म्हणून लागले. त्या खात्यातर्फेच १८६५ च्या सुमारास त्यांची पुण्यास बदली झाली. पुढे जवळजवळ चौदा वर्षे हा मनुष्य सरकारी कागदावर सरकारी शाईने हिशेब लिहीत होता. ही गोष्ट आपण लक्षात ठेवली पाहिजे. बंड करणारा हा पुरुष जंगलातून आलेला नव्हता, तो टेबलाखुर्चीवरून उठून जंगलात गेला होता. कागद कसा लिहितात, अर्ज कसा फिरतो, कोणत्या टेबलावर जाऊन तो पडून राहतो, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

अर्ज पडून राहिला म्हणजे काय होते, याचा अनुभव त्यांना १८७० च्या सुमारास आला. शिरढोणला आई आजारी पडली. त्यांनी रजा मागितली. ती वेळेवर मिळाली नाही. अखेर ते गावी पोहोचले तेव्हा आई गेलेली होती. पुढे वर्षश्राद्धाच्या वेळीही रजेसाठी तसाच त्रास झाला. देशाच्या पारतंत्र्याची जाणीव त्यांना आधीच झालेली असेल. परंतु आईच्या अखेरच्या भेटीपेक्षा साहेबाची सही मोठी ठरते, हे त्यांना त्या दिवशी कळले. मोठी दुःखे पुष्कळदा अशा लहान दारातूनच घरात शिरतात.

पुण्यात त्या वेळी दोन शाळा होत्या असे म्हणायला हरकत नाही. एक व्याख्यानांची. महादेव गोविंद रानडे स्वदेशी व्यापार आणि देशातून बाहेर जाणारी संपत्ती यांवर बोलत. १८७२ च्या सुमारास वासुदेव बळवंतांनी ही व्याख्याने ऐकली, आणि ते स्वतःही गावोगाव बोलू लागले. दुसरी शाळा तालमीची. लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत ते कुस्ती, दांडपट्टा, तलवार शिकले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकाच मातीत लोळत असत. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले त्यांच्याशी या ब्राह्मण कारकुनाची मैत्री जमली ती तेथेच. वामन प्रभाकर भावे व लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर त्यांनी पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन ही शिक्षणसंस्था उभारण्यातही भाग घेतला. तीच पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाली. पहिली पत्नी सईबाई वारल्यानंतर १८७३ साली त्यांचा गोपिकाबाईंशी विवाह झाला. त्या काळात त्यांनी पत्नीला लिहिणे-वाचणे शिकवले, आणि घोड्यावर बसणे व शस्त्र चालवणेही शिकवले असे सांगतात.

आता आपण ज्या कागदापासून सुरुवात केली त्या कागदाकडे येऊ. इंग्रजी अमलात दक्षिणेतील शेतकऱ्याला सारा रोख रकमेत आणि ठरल्या मुदतीत भरावा लागे. पीक बुडाले तर सावकाराशिवाय दुसरे दार नव्हते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे कर्जाच्या साध्या कागदाची मुदत तीन वर्षांची ठरली. हेतू ऋणकोला संरक्षण देण्याचा असेल, पण झाले उलटेच. दर तीन वर्षांनी सावकार नवा कागद करून घेई, त्यात मागचे व्याज मुद्दलात घातले जाई, आणि त्या वाढलेल्या मुद्दलावर पुन्हा व्याज चढे. पुढे फिर्याद होई. शेतकरी कोर्टात जातच नसे. जाऊन बोलणार तरी काय? एकतर्फी हुकूमनामा होई, जप्ती येई, आणि शेत जाई. यात कोठेही कायदा मोडलेला नसे. सगळे कसे नियमाला धरून असे!

म्हणूनच १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे गावी जे घडले त्याचे महत्त्व फार आहे. बाजाराच्या दिवशी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने घेरली. त्यांना हवे होते ते मुख्यतः कर्जरोखे. ते त्यांनी चव्हाट्यावर आणून जाळले. हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील कितीतरी गावांत पसरले. जेथे सावकाराने मुकाट्याने कागद दिले तेथे बहुधा त्याच्या अंगाला हातही लागला नाही. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. पण आधी पलटण पाठवली आणि शेकडो लोकांना पकडले. त्यानंतर लगेच १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ आला. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी इतकी कमी केली, की दिवसाला सुमारे अर्धा शेर धान्य आणि वर एक आणा एवढ्यावर मोठ्या माणसाने खडी फोडायची. लाखो माणसे मेली. वासुदेव बळवंत या काळात गावोगाव फिरले. त्यांनी हाडांचे सापळे पाहिले, आणि मग कार्यालयात परतून हिशेब लिहिणे त्यांना अशक्य झाले.

मित्रहो, कायदा हातात घेणे हा शब्दप्रयोग आपण सहज करतो. अमेरिकेच्या इतिहासात याचीच एक मोठी परंपरा आहे. सोन्याच्या शोधात पश्चिमेकडे गेलेल्या लोकांच्या वसाहतींत कोर्ट-कचेऱ्या दुबळ्या होत्या. सॅन फ्रान्सिस्को येथे १८५१ व १८५६ साली नागरिकांनी दक्षता समित्या काढल्या आणि दोन्ही वेळा चार-चार माणसांना स्वतःच फासावर दिले. १८६४ च्या जानेवारीत मोंटाना भागात तर हेन्री प्लमर या खुद्द शेरीफलाच लुटारूंचा म्होरक्या ठरवून खटल्याशिवाय फाशी दिले. तो खरोखर दोषी होता काय, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. पण दोर ओढल्यावर वाद कोणासाठी? तेथील समित्यांत व्यापारी व मालमत्तावाले पुष्कळ होते, आणि कायदा अजून पोहोचला नाही अशी त्यांची तक्रार होती. आपल्याकडची तक्रार याच्या नेमकी उलट होती. येथे कायदा घरोघर पोहोचला होता. न्याय तेवढा पोहोचला नव्हता.

वासुदेव बळवंत प्रथम सुशिक्षितांकडे गेले. व्याख्यानाला गर्दी होई, टाळ्या पडत, पण हात पुढे येत नसत. मग ते रामोशांकडे वळले. एके काळी गडांची व गावांची राखण करणारी ही जमात. इंग्रजी राज्यात त्यांची राखणदारी गेली, हक्क गेले, आणि वर गुन्हेगारीचा शिक्का बसला. उमाजी नाईकांना १८३२ साली पुण्यात फाशी झाली होती, त्याची आठवण अजून ताजी होती. २० फेब्रुवारी १८७९ रोजी वासुदेव बळवंतांनी पुणे सोडले, आणि २३ तारखेला शिरूर तालुक्यातील धामारी गावावर पहिला छापा घातला. मागोमाग वाल्हे आणि इतर ठिकाणे झाली. बेत असा, की सावकारांचे आणि सरकारी खजिन्याचे द्रव्य घ्यावे, त्यातून माणसे व हत्यारे जमवावीत, तारा व रस्ते तोडावेत आणि एकाच वेळी ठिकठिकाणी उठाव करावा.

मे महिन्यात बंडाची झळ आपल्या भागाला लागली. १० आणि ११ मेच्या सुमारास दौलतराव नाईक या रामोशी सरदाराने घाट उतरून पनवेलजवळच्या चिखली व पळस्पे या गावांवर छापे घातले. ज्या पळस्पे फाट्यावर आज आपण बस बदलतो तेच हे पळस्पे. शिरढोणच्या माणसाचे बंड त्याच्या गावाच्या शेजारीच येऊन पोहोचले होते. लुटीचा मोठा ऐवज घेऊन दौलतराव पुन्हा घाट चढले. मेजर डॅनियल यांच्या तुकडीने त्यांना गाठले, आणि त्या चकमकीत दौलतराव ठार झाले. बंडाचा उजवा हातच गेला.

याच महिन्यात वासुदेव बळवंतांच्या नावाचा जाहीरनामा सरकारदरबारी पोहोचला. लोकांना काम द्या, कर कमी करा, युरोपियन अधिकाऱ्यांचे पगार उतरवा, नाहीतर १८५७ ची पुनरावृत्ती होईल, असा त्याचा आशय होता. सरकारने त्यांच्या शिरावर इनाम लावले, तसे त्यांनीही गव्हर्नरच्या शिरावर इनाम लावले. एका कारकुनाने लाटसाहेबाला त्याच्याच भाषेत दिलेले हे उत्तर पाहून आजही गंमत वाटते आणि छातीही फुगते.

परंतु कायदा हातात घेण्याचा धोका काय असतो, हेही याच मे महिन्याने दाखवले. १३ मे च्या रात्री पुण्यातील बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांना आगी लागल्या. सरकारने ताबडतोब संशय घेतला तो फडक्यांच्या बंडावर. पुण्याच्या पुढाऱ्यांकडेही बोट गेले. त्याच सुमारास रानड्यांची बदली धुळ्यास झाली. पुढे उघडकीस आले, की सरकारी पुस्तक भांडारातील एका कारकुनाने आपली अफरातफर झाकण्यासाठी आग लावली होती. एकाने न्यायासाठी मशाल पेटवली, तिच्या धुराआड दुसऱ्याने चोरी लपवली, आणि चटका तिसऱ्यालाच बसला.

खुद्द वासुदेव बळवंतांचा भ्रमही लवकर फिटत चालला होता. बरोबरच्या माणसांना स्वराज्यापेक्षा लुटीची वाटणी महत्त्वाची वाटते, ही खंत त्यांनी आपल्या लिखाणात नमूद केली आहे. ती वाचून आपण रामोशांना नावे ठेवू नयेत असे मला वाटते. ज्यांच्या घरात उद्याची भाकरी नाही त्यांना शंभर वर्षांनंतरचे राज्य कसे दिसावे? आणि लुटलेल्या घरातल्या बायामुलांनी ती रात्र कशी काढली असेल, हाही विचार मनात आल्यावाचून राहत नाही. एप्रिलमध्ये निराश होऊन ते दक्षिणेत श्रीशैल मल्लिकार्जुनाला गेले. तेथे देहत्याग करण्याचा त्यांचा विचार होता. तेथेच त्यांनी आपली हकीकत लिहून काढली. कारकुनाचा हात तो! छाप्यांच्या धामधुमीतही रोजनिशी लिहिण्याची सवय त्याला सोडवली नाही.

मरणाचा विचार मागे टाकून त्यांनी निजामाच्या मुलखात रोहिले व अरब यांची नवी फौज उभी करण्याचा प्रयत्न सुरू केला. परंतु मेजर डॅनियल आणि निजामाचे पोलीस अधिकारी अब्दुल हक त्यांच्या मागावर होते. २० जुलै १८७९ च्या रात्री, हल्लीच्या कर्नाटकातील विजापूर भागातल्या देवर नावडगी या गावी, तापाने फणफणलेले वासुदेव बळवंत झोपेत असतानाच पकडले गेले. पुणे सोडल्याला त्या दिवशी बरोबर पाच महिने झाले होते.

पुण्यात खटला चालला. सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी त्यांच्या बचावासाठी उभे राहिले. रस्त्यांवर लोकांची दाटी होई. ज्यांचे हात वर्षभरापूर्वी पुढे आले नव्हते, तेच आता दर्शनासाठी उभे होते. सरकारपाशी सर्वांत भक्कम पुरावा कोणता होता? त्यांचीच रोजनिशी आणि त्यांनीच लिहिलेली आत्मकथा. कागदाच्या जुलमाविरुद्ध उठलेल्या माणसाला अखेर कागदानेच बांधले. नोव्हेंबर १८७९ मध्ये त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि १८८० च्या आरंभी त्यांना एडनला नेण्यात आले. एडन त्या वेळी मुंबई सरकारच्याच अमलाखाली होते. आपल्या किनाऱ्यावर जो समुद्र येऊन आदळतो, त्याच्याच पैलतीरावर हा शिरढोणचा पुत्र कोंडला गेला. तेथूनही दाराच्या बिजागऱ्या उखडून ते एकदा पळाले. पण अनोळखी वाळवंटात जाणार कोठे? पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी, तेथेच त्यांचा अंत झाला.

मग या सगळ्यातून निष्पन्न काय झाले? त्याच १८७९ सालात दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात घालणे बंद झाले, आणि कागदावरचा आकडा न पाहता मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. या कायद्याचे मुख्य कारण १८७५ चे दंगे व त्यांवरील आयोगाचा अहवाल हे होते. तो फडक्यांमुळेच झाला असे म्हणणे खरे होणार नाही. परंतु शांतपणे केलेल्या अर्जाला जे सरकार वर्षानुवर्षे उत्तर देत नाही, ते होळीचा धूर दिसल्यावर तातडीने जागे होते, ही गोष्ट मात्र नाकारता येत नाही. यात दोष जाळणाऱ्याचा किती आणि झोपणाऱ्याचा किती, हे ज्याने त्याने ठरवावे.

आपल्याच जिल्ह्यात या प्रश्नाचे आणखी एक उत्तर पुढे दिले गेले. अलिबाग तालुक्यातील चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांची जमीन कसायचीच नाही असा संप केला. ना कोणाचे घर लुटले, ना कोणावर तलवार उगारली. उपाशी राहिले, लाकडे तोडून विकली, पण नांगर धरला नाही. कुळकायद्याकडे जाणारी वाट त्या संपाने मोकळी केली. वासुदेव बळवंतांना जे पाच महिन्यांत साधायचे होते त्यासाठी चरीच्या शेतकऱ्यांनी सहा-सात वर्षे पोट आवळले. माझ्या मते त्यांचे उत्तर अधिक टिकाऊ ठरले, कारण त्यात दुसऱ्याच्या घरात रात्री भीती शिरली नाही, आणि कोणाला त्याच्या आडून आपली चोरी लपवता आली नाही. तथापि चरीच्या माणसांना मान वर करून उभे राहण्याचे जे धैर्य आले, त्याच्यामागे त्यांच्या आधी एकटे लढून हरलेली माणसे होती, हे मी विसरू शकत नाही.

आज शिरढोणला त्यांचे स्मारक आहे. १९८४ साली भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. म्हणजे ज्या सरकारी कागदाने त्यांना दरोडेखोर ठरवले होते, त्याच सरकारी कागदावर ते अखेर सन्मानाने छापले गेले. आपण त्यांना आद्य क्रांतिकारक म्हणतो, जयंती-पुण्यतिथीला हार घालतो. पण हार घालून आपली सुटका होते असे मला वाटत नाही. त्यांची तलवार पाच महिन्यांत हातातून गेली. त्यांनी जिच्या उभारणीला हातभार लावला ती शिक्षणसंस्था मात्र अजून चालू आहे. मला वाटते, आमच्यासारख्या पहिल्यांदाच पाटीवरून वहीवर आलेल्या मुलामुलींसाठी त्यांच्या चरित्रातला हा भागही छाप्यांइतकाच मोलाचा आहे.

परवा घरी जमिनीच्या मोजणीची नोटीस आली. आजीने नेहमीप्रमाणे डाव्या हाताचा अंगठा पुढे केला. मी तिला म्हटले, की आधी पूर्ण वाचून दाखवते, मगच अंगठा. दोन पाने वाचायला अर्धा तास लागला, कारण प्रत्येक ओळीचा अर्थ तिला हवा होता. दोन ठिकाणी गटनंबर चुकला होता. आम्ही नोटीस परत पाठवली. सोबत हरकतीचा अर्ज मी लिहिला. अंगठ्याच्या शेजारी, वाचून दाखवले म्हणून, खाली माझी सही केली.

दुसऱ्या दिवशी एस. टी. शिरढोणवरून गेली तेव्हा मी पुस्तकातून डोके वर काढले, आणि गाव मागे पडेपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले.

— द्वितीय वर्ष, कला